बँकिंग आणि वाणिज्यिक दाव्यांची वकिली: नव्याने येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

कायद्याच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि नुकतीच सनद मिळालेले वकील भेटले, की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: बँकांची वसुली, कंपन्यांमधले पैशाचे वाद आणि करारभंगाचे दावे या कामात शिरायचे कसे? मी शिरलो तेव्हा घरात कोणी वकील नव्हते आणि सांगणारेही कोणी नव्हते. पहिल्या दोन वर्षांत जो गोंधळ झाला, त्यातला निम्मा तरी टाळता आला असता, असे आज वाटते. पुढील मजकूर प्रामुख्याने मुंबई आणि महाराष्ट्रातील कामाच्या अनुभवावर आधारलेला आहे.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. या कामात दिवसाकाठी युक्तिवादाला दहा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. बाकीचा दिवस खातेउतारे, करारनामे, पत्रव्यवहार आणि तारखा यांच्यात जातो. ज्याला कागद वाचण्याचा कंटाळा आहे, त्याने फौजदारी बाजूला जावे. तिथे तोंडाला अधिक वाव आहे.

१. सनद आणि पहिले कागद

विधी पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा येथे नोंदणी करावी लागते. पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्रे, एवढे कागद मूळ आणि साक्षांकित प्रतींसह तयार ठेवा. शुल्काबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या: वकील अधिनियम, १९६१ मध्ये ठरवलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलला घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला आहे.

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती अवघड नाही. पण दोन वर्षे आहेत म्हणून पुढे ढकलत राहू नका, कारण कामाच्या रेट्यात फॉर्मची तारीख निघून गेलेले वकील मी पाहिले आहेत.

२. कोणते काम कोणत्या दारात, हे आधी पाठ करा

नवखा वकील सर्वांत जास्त इथे चुकतो. पैसे येणे आहेत एवढे ऐकून तो दावा लिहायला बसतो. दावा कोणत्या न्यायालयात चालेल याचा विचार नंतर करतो. खरा क्रम उलटा आहे.

बँक किंवा अधिसूचित वित्तीय संस्था कर्जदाराकडून वीस लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम वसूल करू पाहत असेल, तर १९९३ च्या वसुली कायद्याखाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला डीआरटी म्हणतात तिथे, मूळ अर्ज करावा लागतो. मुंबईत अशी तीन न्यायाधिकरणे आहेत. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत. बँकेकडे स्थावर तारण असेल, तर २००२ च्या सरफेसी कायद्याने न्यायालयात न जाताही तिला ताबा घेता येतो. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो की नाही, यावर अनेक वर्षे वाद चालला आणि अखेर मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो लागू असल्याचे ठरवले. ते प्रकरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेचे होते. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला हा निकाल तोंडपाठ हवा, कारण इथे निम्मे कर्जदार सहकारी बँकांचेच भेटतात.

दोन व्यापाऱ्यांमधला वाद असेल, उदाहरणार्थ मालाचे पैसे, वितरण करार, भागधारकांचा करार किंवा केवळ व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेचा करार, तर २०१५ चा वाणिज्यिक न्यायालये अधिनियम पाहावा. सुरुवातीला त्याची किमान मूल्यमर्यादा एक कोटी रुपये होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती तीन लाखांवर आली. त्यामुळे पूर्वी साध्या दिवाणी न्यायालयात जाणारे पुष्कळसे दावे आता वाणिज्यिक ठरतात. मुंबईत मोठ्या रकमेचे दावे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेपुढे, म्हणजे ज्याला ओरिजिनल साइड म्हणतात तिथे, चालतात. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजी खंडपीठात ही मूळ शाखा नाही. तिकडे असे दावे जिल्हा पातळीवरच्या वाणिज्यिक न्यायालयांत जातात.

कंपनी कर्ज फेडू शकत नसेल, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, हे आणखी एक दार आहे. २४ मार्च २०२० पासून त्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते. मालाच्या किंवा सेवेच्या पैशासाठी अर्ज करायचा असेल, तर आधी मागणी नोटीस द्यावी लागते आणि दहा दिवस थांबावे लागते. त्याआधीपासूनच खरा वाद अस्तित्वात असेल, तर अर्ज फेटाळला जातो. अशील विचारतो, ‘एनसीएलटीत टाकू या ना, समोरचा घाबरेल.’ ही संहिता वसुलीचे हत्यार नाही, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा बजावले आहे. मालाच्या दर्जाबद्दलचा एक जुना ई-मेल समोरच्याने दाखवला, तरी असा अर्ज कोसळतो. म्हणून नोटीस काढण्यापूर्वी अशिलाकडून सगळा ई-मेल व्यवहार मागून घ्या. त्याने निवडून दिलेले चार ई-मेल पुरेसे नाहीत.

३. शिकायचे कुठे

तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे स्वतंत्र सीनियरचे चेंबर. पैसे कमी मिळतात, कधी कधी लोकलचा पास आणि जेवणच काय ते निघते; पण पहिल्या वर्षीच न्यायालयात उभे राहायला मिळते. दुसरी म्हणजे सॉलिसिटर फर्म. मुंबईत आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधली उमेदवारी, करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा देण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे आणि त्या शिस्तीत मसुदा लिहिण्याचा हात चांगला बसतो. तिसरी म्हणजे बँकेचा किंवा कंपनीचा विधी विभाग. इथे एक सापळा आहे: पूर्ण वेळ पगारी नोकरी स्वीकारल्यास सनद स्थगित करण्यासाठी बार कौन्सिलला कळवणे बंधनकारक आहे. बरेच जण कळवत नाहीत आणि नंतर वकिलीत परतताना अडचणीत येतात.

माझे मत विचाराल तर पहिली दोन वर्षे चेंबरमध्ये काढावीत, मग फर्ममध्ये जावे. चेंबर निवडताना सीनियरचे नाव किती मोठे आहे, यापेक्षा त्यांच्याकडे ज्युनिअर किती आहेत, हे विचारा. आठव्या ज्युनिअरच्या वाट्याला फाइली उचलणेच येते.

४. कर्जाची फाइल वाचायला शिका

कर्जप्रकरणाच्या फाइलमध्ये साधारणपणे मंजुरीपत्र, कर्ज करार, वचनचिठ्ठी, तारणाचे कागद (गहाणखत, नजरगहाण किंवा मूळ दस्त जमा केल्याची नोंद), जामीनदारांची हमीपत्रे, शिल्लक मान्यतेची पत्रे, खातेउतारा आणि पत्रव्यवहार असतो. ती वाचण्याचा क्रमही याच प्रकारचा ठेवा. आधी मंजुरीपत्रातील अटी पाहा, मग त्याच अटी करारात आल्या आहेत का ते तपासा. व्याजाचा दर एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असणे फार सर्रास आढळते आणि समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो.

खातेउतारा ओळ न् ओळ वाचावा. दंडव्याज केव्हापासून लावले, खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए, केव्हा झाले, ते खरोखर नव्वद दिवसांच्या थकबाकीनंतर झाले का, आणि मध्येच एखादी मोठी रक्कम ‘इतर आकार’ या नावाने खर्ची पडली आहे का, एवढे चार प्रश्न प्रत्येक उताऱ्याला विचारा. मी अजूनही पट्टी ठेवून वाचतो. सोबतच्या तरुण सहकाऱ्यांना हसू येते, येऊ दे.

पुराव्याच्या दृष्टीने बँकेच्या उताऱ्याला १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखालील प्रमाणपत्र लागते. ई-मेल, व्हॉट्सॲप संदेश आणि संगणकावरील नोंदी यांसाठी आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधील नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत: एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. जुन्या पुरावा कायद्यातील ६५-ब प्रमाणपत्राचा मसुदा संगणकावरून काढून तसाच चिकटवणारे अजून आहेत. ती चूक तुम्ही करू नका.

मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मसुद्यावर सही घेऊ नये, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. एका बँकेच्या दाव्यात कर्जदाराने सही केलेले शिल्लक मान्यतेचे पत्र झेरॉक्सवरून मार्चमधले दिसत होते आणि दावा लावण्याची मुदत जूनमध्ये संपणार होती, म्हणून त्या पत्राच्या आधारे मी निर्धास्तपणे दावा मुदतीत असल्याचे लिहिले. दाखल करण्याच्या आदल्या दिवशी सीनियरांनी मला मूळ पत्र पाहायला बँकेच्या दप्तरखान्यात पाठवले. तिथे खिडकीजवळ कागद धरला, तेव्हा दिसले की इंग्रजी आकड्यातला तीन हा मुळात आठ होता. त्याची डावी कड झेरॉक्समध्ये उतरलीच नव्हती. पत्र ऑगस्टमधले, म्हणजे मुदत संपल्यानंतरचे निघाले. त्या संध्याकाळी पत्रव्यवहाराची जाड फाइल पुन्हा चाळताना कर्जदाराने मे महिन्यात सही करून दिलेला एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव सापडला. त्यात थकबाकी स्पष्ट मान्य केली होती, म्हणून दावा वाचला. सीनियर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या मसुद्यातले ते पान फाडून मला परत दिले.

५. तारखांचा तक्ता सर्वांत आधी करा

वरच्या प्रसंगापासून मी कोणतेही प्रकरण हाती घेतले की पहिल्या दिवशी एका पानावर तारखांचा तक्ता करतो. त्यात तीन रकाने असतात: तारीख, घटना, आणि ती कोणत्या कागदावरून घेतली.

समजा, मुदत कर्जाची रक्कम ३१ मार्च २०२२ रोजी देय झाली. मुदत अधिनियमानुसार पैशाच्या दाव्यासाठी तीन वर्षे मिळतात, म्हणजे ३१ मार्च २०२५ पर्यंत. कर्जदाराने १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सहीनिशी थकबाकी मान्य केली असेल, तर कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. तीच सही १० एप्रिल २०२५ ची असेल, तर कलम १८ चा उपयोग नाही. मग त्या पत्रात पैसे फेडण्याचे स्पष्ट वचन आहे का, हे करार अधिनियमाच्या कलम २५ खाली तपासावे लागते. गहाण मालमत्तेवरून वसुली करायची असल्यास बारा वर्षे मिळतात. जुन्या प्रकरणांत १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा करोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळलेला आहे, हेही गणितात धरा. अशील कंपनीविरुद्ध जात असेल, तर समोरच्या कंपनीचे ताळेबंद मागवा, कारण ताळेबंदातील नोंदही कर्जाची मान्यता ठरू शकते. लेखापरीक्षकाचा शेरा मात्र सोबत वाचावा.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणात साखळी अधिक घट्ट आहे. धनादेश त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा, तो परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस समोरच्याला द्यावेत, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी. नोटीस पोहोचल्याची टपाल खात्याची नोंद त्याच दिवशी छापून ठेवा. काही काळाने ती संकेतस्थळावर सापडत नाही.

६. वाणिज्यिक दावा दाखल करताना

तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी करणे कलम १२-अ प्रमाणे सक्तीचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक ठरवल्यापासून मध्यस्थी टाळून आणलेला दावा दारातच फेटाळला जातो. काही वकील मध्यस्थी चुकवण्यासाठी नावापुरता अंतरिम अर्ज जोडतात. न्यायालय आता असा अर्ज खरा आहे की मुखवटा, हे तपासते. त्या वाटेला जाऊ नका.

दाव्यासोबत सत्यतेचे प्रतिज्ञापत्र लागते आणि ते करणाऱ्या अधिकाऱ्याचा अधिकार दाखवणारा संचालक मंडळाचा ठराव किंवा मुखत्यारपत्रही लागते. अशिलाच्या ताब्यातील संबंधित सर्व कागदांची यादी दाव्याबरोबरच द्यावी लागते, मग ते कागद अशिलाच्या बाजूचे असोत की विरोधातले. मागाहून कागद आणायचा झाला, तर तो आधी का दिला नाही, याचे समाधानकारक कारण द्यावे लागते. ‘साहेब, तो ई-मेल आत्ता सापडला’ हे कारण चालत नाही.

प्रतिवादीच्या बाजूने असाल, तर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आणि फार तर एकशे वीस दिवसांत दाखल व्हायलाच हवी. एकशे एकविसाव्या दिवशी हक्क संपतो आणि न्यायालयालाही तो परत देता येत नाही. साध्या दिवाणी दाव्याच्या सवयीने ‘पुढच्या तारखेला देऊ’ म्हणणारे कितीतरी वकील इथे बुडाले आहेत. समन्स केव्हा मिळाले, हे अशिलाच्या तोंडून ऐकू नका. लखोटा मागा आणि त्यावरची तारीख पाहा.

लेखी कराराची किंवा वचनचिठ्ठीची निश्चित रक्कम असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ चा संक्षिप्त दावा सोयीचा पडतो, कारण त्यात प्रतिवादीला बचावाची परवानगी मागावी लागते. मात्र करारात लवाद कलम आहे का, हे त्याआधी पाहा. वित्त कंपन्यांच्या छापील करारांत ते हमखास असते. त्यात लवाद नेमण्याचा अधिकार कंपनीला एकटीलाच दिलेला असेल, तर अशी एकतर्फी नेमणूक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर टिकत नाही. वसुलीच्या आणि बचावाच्या दोन्ही बाजूंना हा मुद्दा रोज लागतो.

७. सरफेसीत दोन्ही बाजूंनी काम करा

मुंबईत सकाळचे नवशक्ति उघडा. ताबा सूचनांनी भरलेली पाने दिसतील. नियमांप्रमाणे ताबा घेतल्यावर सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत सूचना छापावी लागते आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते, म्हणून ही पाने. पहिले सहा महिने रोज दोन सूचना वाचून त्यातल्या तारखांचे गणित मांडा.

कायद्याचा क्रम असा आहे: कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस, कर्जदाराने हरकत घेतल्यास बँकेचे पंधरा दिवसांत उत्तर, मग कलम १३(४) चे पाऊल, म्हणजे तारणाचा ताबा घेण्यासारखी कारवाई, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी मुंबईत मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ चा अर्ज. कर्जदाराला कलम १७ खाली पंचेचाळीस दिवसांत डीआरटीत जाता येते. तो घाबरून दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला गेला, तर दिवाणी न्यायालयाला अशा प्रकरणांत मनाई करणारे कलम ३४ आडवे येते आणि ते पंचेचाळीस दिवस हकनाक संपतात. डीआरटीच्या निर्णयावरील अपिलासाठी कर्जदाराला थकबाकीच्या निम्मी रक्कम भरावी लागते. अपील न्यायाधिकरण ती कमी करू शकते, पण पाव हिश्श्याखाली नाही. हा आकडा अशिलाला पहिल्या भेटीतच सांगा. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही, त्यामुळे तारण मिळकतीचा सातबारा आणि तिचा प्रत्यक्ष वापर दोन्ही तपासा. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर पैसे भरून मिळकत सोडवण्याचा हक्क उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरवले आहे. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी भरतो’ हा अशिलाचा भरवसा म्हणूनच धोक्याचा असतो.

फक्त बँकेच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलाला बँकेच्या चुका दिसेनाशा होतात, असा माझा अनुभव आहे. हितसंबंध आड येत नसतील तिथे कर्जदाराचीही प्रकरणे घ्यावीत.

८. न्यायालयातला दिवस

आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहा आणि आपले प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे ते डायरीत लिहा. तातडी असेल, तर उच्च न्यायालयात प्रेसिपी, म्हणजे छोटा विनंती अर्ज, देऊन मेन्शन, म्हणजे लवकर सुनावणीची तोंडी विनंती, करावे लागते. प्रेसिपीत तातडी का आहे, हे दोन ओळींत लिहिता आले पाहिजे. प्रकरण दाखल केले की काम संपत नाही. न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेल्या हरकती दूर करेपर्यंत ते बोर्डावर येत नाही, आणि या हरकती म्हणजे बहुधा पानांचे क्रमांक, पुसट प्रती आणि विसरलेल्या सह्या असतात. क्लार्कशी सलोखा ठेवा, त्यांना जे ठाऊक असते ते पुस्तकात नसते. तारीख पडल्यावर रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, काय लिहिले गेले, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

९. फी, पॅनेल आणि मूळ कागद

बँकांच्या पॅनेलवर, म्हणजे त्यांनी नेमलेल्या वकिलांच्या यादीवर, येण्यासाठी साधारणपणे काही वर्षांचा अनुभव, केलेल्या प्रकरणांची यादी आणि पॅन, सनद यांच्या प्रती मागितल्या जातात. पॅनेलची फी ठरीव असते आणि बिले सावकाश निघतात, त्यामुळे केवळ त्यावर घर चालवण्याचा बेत करू नका. वसूल रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवण्याचा मोह होईल. बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून असलेली फी निषिद्ध आहे, आणि जाहिरातही.

अशिलाचे मूळ दस्तऐवज चेंबरमध्ये ठेवून घेऊ नयेत. पाहण्यासाठी घेतले तर पोच द्या, परत देताना पोच घ्या, आणि दोन्हींच्या प्रती त्याच फाइलला लावा. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केले आहे; थकलेल्या फीसाठी वकिलालाही इतरांसारखाच दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यालाही तीन वर्षांचीच मुदत असते.